हरण्याकडचा डोळा

आमच्या घरात डावं आणि उजवं हे शब्द पाहुण्यांशी बोलताना काढायचे. घरातल्या घरात आम्ही हरण्याकडं आणि चिमण्याकडं असंच म्हणायचो. हरण्या आणि चिमण्या हे आमचे बैल. ज्यानं बैल पाळलेत त्याला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. गोऱ्हा असताना बैल जुवाच्या ज्या अंगाला शिकतो, त्याच अंगाला तो जन्मभर चालतो. हरण्या डाव्या अंगाचा, चिमण्या उजव्या. गाडी असो की नांगर, त्यात बदल नाही. एकदा आबा, म्हणजे माझे वडील, बाजाराला गेलेले असताना माझ्या थोरल्या भावानं घाईघाईत दोघांना उलटं जुंपलं. बैल जागचे हलेनात. दादानं शेपट्या पिरगाळल्या, शिव्या घातल्या, शेजारपाजारचे लोक जमले. बैल आपले शांत उभे, चुकीच्या मांडवात शिरलेल्या वऱ्हाडासारखे. आई भाकरी थापता थापता पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "आरं येड्या, त्येंच्या जागा बग की आदी!" जागा बदलल्या आणि गाडी निघाली.

बैलांच्या जागा कधी बदलत नसल्यामुळं त्यांची नावं आपोआप बाजूंना चिकटली. आबा म्हणायचे, "हरण्याकडच्या पायात काटा मोडलाय." आई म्हणायची, "मिठाचा डबा चुलीच्या चिमण्याकडं हाय." चुलीला बैल कुठून आले असं कुणी विचारलं नाही. मला तर त्या बाजू कानांनी कळायच्या. हरण्याच्या गळ्यातली घंटा खणखणीत होती आणि चिमण्याची चिरकलेली. गाडीत आबांच्या शेजारी बसलं की एका कानात टणटण आणि दुसऱ्या कानात खडखड. शेतातून घरी येईपर्यंत ते चालायचं. वारा तिकडून असला तर माळेगावच्या कारखान्याचा भोंगाही मधूनच ऐकू यायचा, पण मला घंटाच जास्त आवडायच्या.

कोऱ्हाळ्याच्या शाळेत मी गेले आणि माझी पंचाईत सुरू झाली. कवायतीच्या तासाला गुरुजी ओरडायचे, "डावीकडे वळ!" सगळा वर्ग तिकडं वळायचा आणि मी एकटी माझ्या मैत्रिणीच्या नाकासमोर उभी. गुरुजी तसे मारकुटे नव्हते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सुमन, ज्या हातानं जेवतेस तो उजवा. ध्यानात ठेव." तेव्हापासून कुणी डावं-उजवं विचारलं की मी घास उचलल्यासारखी बोटं जुळवते आणि मग बोलते. पण तेवढ्यानं सगळे प्रश्न सुटले नाहीत. आमच्या शिवारातून नीरेचा डावा कालवा जातो. शाळेला जाताना तो माझ्या एका हाताला असायचा आणि येताना दुसऱ्या. मग तो कुणाच्या डाव्या हाताचा? गुरुजी म्हणाले, नदी जिकडं वाहते तिकडं तोंड करून उभं राहिलं की जी डावी बाजू येते, तिथला. नदीला तोंड आणि हात असतात हे मी मान्य केलं, पण माझा गोंधळ काही कमी झाला नाही. वाटेवर कुणी गाडीवाल्यानं पत्ता विचारला की मी हातच करून दाखवत असे. तोंडानं सांगितलेले काही लोक बहुधा अजून परत आलेले नाहीत.

आता माझं वय झालं तरी ही खोड गेलेली नाही. माझी सून गाडी चालवते आणि मी तिच्या शेजारी बसते. मोबाइलमधली बाई सांगते, डावीकडे वळा. ती बाई कधी बोटं जुळवून खात्री करताना दिसत नाही, तिचा मला हेवा वाटतो. परवा इंदापूरच्या रस्त्याला मोबाइलची रेंज गेली आणि सुनेनं मला विचारलं, "आई, आता कुठं?" मी म्हणाले, "चिमण्याकडं." ती हसली आणि बरोबर वळली. आमच्या घरात येणाऱ्या माणसाला हे शिकावंच लागतं.

बैल म्हातारे झाले आणि एकापाठोपाठ एक गेले. त्यानंतर आबांनी जुना ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टर आला तरी बोलणं बदललं नाही. आबा दादाला शिकवताना ओरडायचे, "हरण्याकडं दाब! आता सोड, सोड!" आणि दादा स्टिअरिंग डावीकडं घ्यायचा. पुढं दादा फौजेत गेला आणि ट्रॅक्टर आबांकडंच राहिला. एकदा बांधावरच्या बाभळीला घासून एका बाजूचं मडगार्ड फाटलं. मडगार्ड म्हणजे मागच्या मोठ्या चाकावरचा पत्रा, त्यावर माणूस बसू शकतो. आबांना ऊसतोडीमुळं वेळ नव्हता म्हणून त्यांनी मला शेजारच्या तात्यांबरोबर बारामतीला पाठवलं. दुकानदारानं विचारलं, "डावं पायजे का उजवं?" मी डोळे मिटून आमचा ट्रॅक्टर आठवला. तो नेहमी माझ्याकडं तोंड करून येतानाच डोळ्यांपुढं यायचा. फाटलेला पत्रा माझ्या घासाच्या हातासमोर होता. मी म्हणाले, उजवं. घरी आणून लावायला गेलो तर ते पलीकडच्या चाकाचं निघालं.  तात्या पुढच्या खेपेला बदलून आणेपर्यंत ते गोठ्यात पडून होतं आणि कोंबड्या त्यावर बसत होत्या. बदलून देताना दुकानदारानं तात्यांबरोबर मला निरोप धाडला, "पोरीला सांगा, गाडीचं डावं-उजवं डायवरच्या बसण्यावरनं धरत्यात, बगणाऱ्याच्या न्हाय." मला ते पटलं. पण मी ते गाड्यांपुरतंच लक्षात ठेवलं. माणसालाही तोच नियम लागतो असं कुणी सांगितलं नव्हतं.

आबांच्या चिमण्याकडच्या डोळ्यात मी अगदी लहान असताना उसाचं पातं गेलं होतं. उसाचं पातं करवतीसारखं असतं. त्या डोळ्यात फूल पडलं, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग धरला, आणि तो डोळा कायमचा गेला. तेव्हापासून आबा हरण्याकडच्या एका डोळ्यावर सगळं बघायचे. मग तोही धुरकट व्हायला लागला. आबांनी ते कुणाला सांगितलं नाही. चहाची बशी आधी बोटांनी चाचपायचे आणि मग ओतायचे. भाकरीवरचा ठेचा कुठं वाढलाय ते विचारायचे नाहीत, चाचपत बोट तिथवर न्यायचे आणि ते ठेच्यात बुडालं की आई मान वळवायची. एके सकाळी तारेवर वाळत घातलेल्या माझ्या परकराला ते म्हणाले, "सुमे, उनात काय उबी ऱ्हायलीस? आत जा." मी त्यांच्या पाठीमागं उभी होते. मी म्हणाले, "जाते आबा." आणि आत गेले. आईनं ते पाहिलं. 

त्याच आठवड्यात आबा सकाळी ट्रॅक्टरवर चढले आणि मला म्हणाले, "चल." मी दप्तर घेऊन दारात उभी होते. दप्तर ओट्यावर ठेवलं आणि हरण्याकडच्या मडगार्डवर जाऊन बसले. शाळा बंद कर असं आबा एकदाही म्हणाले नाहीत. ते फक्त रोज सकाळी चल म्हणायचे. रस्त्यावर ते ट्रॅक्टर नेत नसत, तेवढं त्यांनी पाळलं. कारखान्याला ऊस न्यायला तात्यांचा मुलगा यायचा. पण रान नांगरायचं, सरी पाडायची, खत टाकायचं, हे सगळं आबांचे हात आणि माझे डोळे यांनी व्हायचं. "हरण्याकडं, आबा. अजून. बास. चिमण्याकडं दगूड हाय. सरळ." मी इतकी बारीक नजर ठेवायची की आमच्या सऱ्या शिवारात सगळ्यांत सरळ पडायच्या. लोक आबांची तारीफ करायचे आणि आबा मिशीतल्या मिशीत हसायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? मडगार्डवर बसून बापाला रान दाखवणारी पोरगी आमच्या गावात दुसरी नव्हती. पण शाळेची घंटा झाली की माझी मान आपोआप तिकडं वळायची. मैत्रिणी बांधावरून जाताना हात करायच्या. नंतर नंतर त्यांनी हात करणं सोडलं. गुरुजी एकदा घरी आले. आईनं त्यांना चहा दिला, काकवी आणि भाकरी दिली, आणि म्हणाली, "गुर्जी, हिच्या आबांस्नी बरं वाटलं की धाडते." आबांना दिसायला लागलं तरच माझी शाळा, हे मला त्या दिवशी नीट कळलं. बांधावरच्या म्हसोबाला मी रोज तेच मागायला लागले.

दवाखान्याचं नाव काढलं की आबा उठून जायचे. आमच्याच गावातल्या कुणाचा तरी डोळा उघडल्यावर वाहून गेला होता, असं ते सांगायचे. शेवटी कळंबचा माझा मामा आला. मामाचा आवाज मोठा आणि बहिणीवर जीव. तो आबांना म्हणाला, "दाजी, इंदापुरात दिवाळीच्या सुट्टीत डोळ्यांचं शिबिर हाय. डॉक्टर आमच्या शाळंत तपासाया येत्यात. तुमी नुसतं चला, नगं वाटलं तर माघारी या." आबा कळंबला गेले. मी बरोबर होते. डॉक्टरांनी बॅटरी मारून दोन्ही डोळे पाहिले आणि सांगितलं, एका डोळ्यात आता काही राहिलेलं नाही, पण दुसऱ्यात मोतीबिंदू आहे, तो काढला तर दिसेल. चिठ्ठी लिहून दिली. घरी आल्यावर आबा रात्रभर जागे होते म्हणून आई सांगायची. सकाळी न्याहारीला बसल्यावर ते म्हणाले, "जातो. पर एकडाव. दिसलं तर दिसलं. न्हाय दिसलं तर दुसऱ्यांदा कुणी माज्यापुडं दवाखान्याचं नाव काडायचं न्हाय." आबांचा शब्द म्हणजे शब्द. तो फिरत नसे, आणि आई-मामांना ते माहीत होतं.

शिबिर इंदापूरला एका शाळेत होतं. सुट्टी असल्यामुळं वर्ग रिकामे होते. एका वर्गात ऑपरेशनची टेबलं, बाकीच्यांत जमिनीवर गाद्या, आणि व्हरांड्यात ओळीनं बाक मांडून त्यावर माणसं बसवलेली. सगळीकडं स्पिरिटचा आणि खिचडीच्या फोडणीचा वास एकत्र झाला होता. फळ्यावर जुनी गणितं तशीच होती आणि ती बघून मला उगीचच बरं वाटलं. मामानं आम्हाला सोडलं आणि बाकीच्या पेशंटांना आणायला तो जीप घेऊन परत कळंबला गेला. अंगणात कर्ण्यावरून गावांची नावं पुकारत होते. एक सिस्टर चिकटपट्टीचा रीळ आणि कात्री घेऊन बाकावरून पुढं पुढं सरकत होती. ज्याचा जो डोळा करायचा त्याच्या भुवईवर ती पट्टीचा तुकडा चिकटवायची. त्या पट्टीवरून आत डॉक्टरांना कळायचं.

आमच्यापाशी आल्यावर तिनं चिठ्ठी मागितली. चिठ्ठी आईनं भाकरीच्या फडक्यात बांधून दिली होती आणि शेंगदाण्याच्या चटणीचं तेल नेमकं अक्षरांवर उतरलं होतं. सिस्टरनं ती उजेडात धरली, नाक मुरडलं आणि विचारलं, "बाबा, कुठला डोळा?"

"हरण्याकडचा," आबा म्हणाले.

"काय?"

"हरण्याकडचा, बाई. चिमण्याकडचा मागंच गेलाय."

आबांना डावं-उजवं येत नव्हतं असं नाही. बाजारात, सोसायटीत ते चार लोकांसारखंच बोलायचे. पण घाबरलेला माणूस घरचंच बोलतो, आणि आबा त्या दिवशी फार घाबरलेले होते. सिस्टर माझ्याकडं वळली. "काय म्हणतायत हे? लवकर सांग, डावा की उजवा?" मी आबांच्या समोर उभी होते. मी बोटं जुळवली, घासाचा हात थोडा वर केला, आणि त्या हाताच्या समोर आबांचा हरण्याकडचा डोळा आला. मी म्हणाले, "उजवा." नेमकं त्याच वेळी कर्ण्यावर कोऱ्हाळ्याचं नाव पुकारलं, त्यामुळं माझं बोलणं आबांना ऐकूच गेलं नाही. सिस्टरनं मला पलीकडच्या वर्गातून चादर आणि ताटवाटी आणायला पाठवलं.

मी परत आले तेव्हा पट्टी लागलेली होती. समोरून बघताना मला काहीच वाटलं नाही. मग मी आबांच्या शेजारी बसले. सवयीनं हरण्याकडच्याच बाजूला बसले, मडगार्डवर बसायची तशी. तिथून मला आबा रोज दिसायचे तसे दिसले. तोच कान, कानावरचे पांढरे केस, तोच गाल आणि तीच भुवई. आणि भुवईवर काही नव्हतं.

"आबा, पट्टी कुठल्या डोळ्याला लावली?"

"चिमण्याकडं."

"आन् तुमी काय बोलला न्हाय?"

"बोलायचं काय त्यात? जो करायचा न्हाय त्येच्यावर खूण केली आसंल," आबा म्हणाले. "बेण्याच्या उसाला गाठ मारतो तशी."

आमच्याकडं तोड सुरू व्हायच्या आधी ज्या सरीतला ऊस पुढच्या लागणीला बेणं म्हणून राखायचा, तिथं पाल्याची गाठ मारून ठेवतात. गाठ दिसली की तोडकरी कोयता लावत नाहीत. आबांच्या हिशोबानं दवाखान्याची रीतही तशीच असणार. ते अगदी निर्धास्त बसले होते.  आत नेऊन गेलेला डोळा उघडला असता तर त्यातून काहीच दिसणार नव्हतं, आणि आबा म्हणाले होते, एकडाव. चादर बाकावर टाकून मी सिस्टरकडं पळाले.

"बाई, आबांची पट्टी चुकलीय."

"कोण आबा? ते चटणीवाले? तूच सांगितलंस ना उजवा?"

"व्हय. पर तो न्हाय. दुसरा हाय."

"मघाशी हा, आता दुसरा! अगं, आत टेबल तयार आहे. अंदाजानं डोळे कापायचे का आम्ही? नीट विचार कर आणि एकदाच सांग. डावा की उजवा?"

मी बोटं जुळवली. हा माझा जेवायचा हात. पण डोळा आबांचा. आबा समोर बसले तर एक, शेजारी बसले तर दुसरा, आणि दुकानदार म्हणाला होता की डायवरवरनं धरायचं. डावा म्हणावं तर मघाशी उजवा म्हणताना मला असंच बरोबर वाटलं होतं. मी रडत म्हणाले, "बाई, मला डावं-उजवं येत न्हाय." एवढी वर्षं मी हातवारे करून, दुसऱ्याचं बघून, उशिरा वळून हे लपवलं होतं आणि आता भर व्हरांड्यात बोलून बसले. बाकावरचे दोघंतिघं हसले. सिस्टर हसली नाही. तिनं रीळ खिशात टाकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चल, दाखव मला."

दाखवायचं कसं ते मला आबांपर्यंत जाईस्तोवर माहीत नव्हतं. त्यांच्यापाशी पोचल्यावर मी म्हणाले, "आबा, ताठ बसा. पुढं बगा. गाडी जुपलीया."

"हितं?"

"हितंच. आन् हरण्याच्या पाठीवर हात ठेवा."

आबांनी क्षणभरही विचार केला नाही. डावा हात बाहेर काढला, थोडा खाली नेला आणि तळवा पसरून हवेत ठेवला. हरण्या जाऊन किती वर्षं झाली होती, पण हात त्याच्या उंचीवर बरोबर थांबला. मी त्या हाताकडं बोट केलं. "बाई, ह्या अंगाचा डोळा करायचा हाय."

पलीकडं कळंबचा एक म्हातारा बसला होता, त्याच्याही भुवईला पट्टी होती. तो म्हणाला, "खरं हाय पोरीचं. आमचा पवळ्या बी तिकडंच असायचा." आणि त्याचाही हात बाहेर आला. त्याच्या पलीकडच्यानं हात काढला. कुणीतरी विचारलं, काय चाललंय, आणि कळल्यावर त्यानंही काढला. एकाचा हात मात्र उलट्या बाजूला गेला. "आमचा सोन्या ह्या अंगाचा व्हता," तो म्हणाला. "हात खाली घ्या सगळ्यांनी," सिस्टर म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता. ती आत गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टरांनी आबांच्या दोन्ही पापण्या वर करून बॅटरी मारली. "हा डावा करायचाय," ते म्हणाले. "उजव्यात फूल आहे, त्याला हात लावून उपयोग नाही. पट्टी इकडं कशी?" सिस्टर बोलणार तेवढ्यात मीच म्हणाले, "मी चुकीचं सांगितलं." डॉक्टरांनी पट्टी ओढून काढली. तिच्याबरोबर भुवईचे केस आले आणि आबा ओरडले, "आयला!" तीच पट्टी डॉक्टरांनी हरण्याकडं चिकटवली.

पुढं मी शिक्षिका झाल्यावर आमच्याच शाळेच्या तपासणीला आलेल्या एका नर्सबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, टेबलावर घेतल्यावर डॉक्टर पुन्हा बघतातच, तुम्ही उगीच घाबरलात. असेलही. पण चूक होत नाही असं सांगणाऱ्या माणसांवर माझा फारसा भरवसा नाही, कारण मी स्वतः अजून बोटं जुळवते. आणि त्या दिवशी मी आबांच्या दुसऱ्या अंगाला बसले असते तर काय झालं असतं, हा विचार आजही आला की मी हातातलं काम ठेवून देते.

ऑपरेशन झालं. आबांना उताणं झोपवून डोळ्यावर बोळा आणि त्यावर पट्टी बांधली. खोकायचं नाही, मान हलवायची नाही, असं बजावलं होतं. शिबिरातला शिरा मी चमच्यानं भरवायची. आबा तोंड उघडून घास घ्यायचे आणि म्हणायचे, "गोड लई घातलंय." मामी कळंबहून भाकरी आणि पिठलं पाठवायची, पण चावायची बंदी असल्यामुळं ते मी खायचे आणि आबा नुसता वास घ्यायचे. त्यांना काय दिसेल, किती दिसेल, यावर ते एक शब्द बोलले नाहीत.  रात्री सगळे झोपल्यावर मी मात्र म्हसोबाला, विठोबाला, जो आठवेल त्याला आठवत पडून राहायची.

पट्टी काढायच्या दिवशी सकाळी आबांना खिडकीपाशी बाकावर बसवलं. मामा आला होता. सिस्टरनं हळूहळू पट्टी सोडली, बोळा काढला आणि ओल्या कापसानं डोळा पुसला. आबांनी पापणी उघडली आणि मिटली. डोळ्यातून पाणी यायला लागलं. "दिसतंय का काय?" मामानं विचारलं. "उजेड दिसतोय," आबा म्हणाले. मी मागं सरकून भिंतीला टेकले. तेव्हा मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला जाड भिंगाशिवाय नीट दिसत नसे. मग डॉक्टरांनी खिशातून तसं एक भिंग काढलं, आबांच्या डोळ्यापुढं धरलं आणि दुसरा हात लांब करून विचारलं, "बाबा, बोटं किती?"

आबांनी बोटांकडं पाहिलंच नाही. ते त्या भिंगातून डॉक्टरांच्या हातापलीकडं बघत होते, जिथं मी भिंतीला पाठ लावून उभी होते. माझा परकर पार आखूड झाला होता. वेण्या मी स्वतःच घातलेल्या होत्या. आबांनी मला परकरापासून वेण्यांपर्यंत पाहिलं.

"सुमे," ते म्हणाले, "केवढी झालीस गं."

मी परकर खाली ओढला.

"शाळा कदी सुरू हाय तुजी?"

"सोमवारपास्नं."

"मग सोमवारी जायाचं."

म्हसोबाकडं मी रोज जे मागत होते ते हेच होतं. मला आनंद झाला. पण सोमवारपासून आबा एकटेच रानात जाणार होते आणि मडगार्ड रिकामं राहणार होतं. मी ते तोंडावर येऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडातून गेलंच.

"आबा, आन् हरण्याकडं कोण बसंल?"

आबांनी डॉक्टरांच्या हातातलं भिंग आपल्या हातात घेतलं आणि डोळ्यापुढं घट्ट धरलं.

"मला आता दिसतंय की गं, बाळ," ते म्हणाले.